लाल टोपण, केशरी टोपण

अगं, बोक्याची शुगर ४१० आली म्हणून काल फोनवर रडत होतीस, तेव्हा मी फार बोलले नाही. आता वही घेऊन बस. माझ्या मन्याला नवव्या वर्षी मधुमेह निघाला आणि पुढची पाच वर्षं तो माझ्या हातचं इन्सुलिन घेऊन जगला. त्या पाच वर्षांत हाताला जे कळलं तेवढंच सांगते. डोस किती द्यायचा, ते मात्र तुझे डॉक्टरच ठरवतील.

तो ४१० दवाखान्यातला आकडा आहे. पिशवीत कोंबून, रिक्षातून, कुत्र्यांच्या भुंकण्यात नेलेल्या धडधाकट मांजराची शुगरसुद्धा नुसत्या भीतीने तीनशेच्या वर जाऊ शकते. म्हणून डॉक्टरांना फ्रुक्टोसामिनच्या तपासणीबद्दल विचार. ती मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देते. तुझ्या बोक्याला मधुमेह नसेल, असं काही मी म्हणत नाही. तो सारखा पाणी पितोय, खाऊन खाऊन वाळतोय, आणि बाल्कनीत मुतला की तिथे मुंग्या लागतात, हे तूच मला गणपतीत सांगितलं होतंस. मुंग्यांची ही खूण आपल्या जुन्या वैद्यांनीही माणसांच्या बाबतीत लिहून ठेवलेली आहे. मी तेव्हाच कान द्यायला हवा होता.

आता सिरिंजचं ऐक, कारण यात माझ्याकडून मन्या जायचा राहिला. तुझ्या काकांचं इन्सुलिन एका मिलीलिटरला ४० युनिटचं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. मन्याचं इन्सुलिन ग्लार्जिन, मिलीलिटरला १०० युनिटचं, त्याला केशरी टोपणाची सिरिंज लागते. एका संध्याकाळी केशरी संपल्या होत्या. सुई ती सुईच, असं समजून मी लाल टोपणाची घेतली आणि नेहमीसारखं दोनच्या रेघेपर्यंत भरलं. त्या दोनच्या रेघेत पाच युनिट गेली. रात्री अकराला मन्या स्वयंपाकघरात भिंतीला धरून चालल्यासारखा चालत होता, तोंडातून लाळ गळत होती, हाक मारली तरी बघेना. मी बोटाने त्याच्या हिरड्यांना मध चोळला, पुन्हा चोळला, आणि तसंच त्याला घेऊन दवाखाना गाठला. तो वाचला. त्या दिवसापासून घरात दोन डबे वेगळे झाले, आणि सुई भरताना टोपणाचा रंग मोठ्याने म्हणायची मला सवय लागली. तूही म्हण, बाजूला कोणी नसलं तरी.

यातलं खरं सांगायचं ते हे की चढलेली शुगर तुला दोन दिवस विचार करायला देते, उतरलेली दोन तासही देत नाही. म्हणून घरी मीटरवर ३८० दिसले की जादा युनिट टोचायचं नाही. आकडा लिहायचा, वेळ लिहायची, डॉक्टरांना कळवायचं. सुई केसांत गेली की कातडीत हे कळलं नाही, हात ओला लागला, तरी दुसऱ्यांदा टोचायचं नाही. एक डोस चुकलेला चालतो, दुप्पट गेलेला नाही. आणि रोज आधी ताटली, मग सुई. बोक्याने तोंड लावलं नाही किंवा खाल्लेलं ओकून टाकलं, तर सुई तशीच ठेवून फोन कर. मीटरवर साठच्या खाली काही दिसलं, तर मध चोळून लगेच नीघ. तो शुद्धीत नसेल तर घशात काही ओतू नकोस, श्वासात जातं.

शुगर मोजायला कान बरा. सुती कापड कोमट पाण्यात पिळून कानाला अर्धा मिनिट लाव, कान गरम झाला की कडेच्या शिरेच्या जरा बाहेर टोच. मागे कापसाचा बोळा धर, नाहीतर सुई तुझ्याच बोटात जाईल. लगेच उकडलेल्या चिकनचा एक तुकडा दे. आठ दिवसांत तो स्वतःहून येऊन बसेल, मन्या बसायचा. माणसांचं मीटर मांजराची शुगर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, म्हणून तुझं मीटर कोणतं ते डॉक्टरांना सांगून ठेव, आणि मध्येच बदलू नकोस.

इन्सुलिन बारा-बारा तासांनी. फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेव. दारात नको, बर्फाजवळ तर नकोच, गोठलं की वाया गेलं. कुपी उघडलेली तारीख तिच्यावरच लिही.

खाण्यात दूधभात बंद. दूधपोळीही बंद, आणि आईला ते नीट समजावून सांग, ती माझी बहीण आहे, मी तिला ओळखते. मांजर मूळचं मांसाहारी. तुमच्या घरातला कोरडा खाऊही पिठाचाच जास्त असतो. डॉक्टर कमी पिष्टाचं ओलं खाणं सुचवतील. पण ते एकदम बदलू नकोस: पीठ कमी झालं की तेच इन्सुलिन जड पडतं आणि शुगर कोसळते. नुसत्या बांगड्यावरही ठेवू नकोस. वजन उतरवायचं म्हणून उपाशी तर मुळीच नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठते, आणि तो वेगळाच जीवघेणा आजार होतो. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, काकांच्या गोळ्या, यांतलं काही त्याच्या तोंडात जाता कामा नये.

शुगर चढलेली आहे आणि शिवाय तो ओकतोय, खात नाही, कोपऱ्यात मलूल पडलाय, असं झालं तर लघवी किटोनच्या पट्टीने तपास. पट्टी नसेल तर थांबू नकोस, रात्र असली तरी नीघ.

इन्सुलिन लवकर सुरू झालं आणि खाणं सुधारलं, तर काही मांजरांचं इन्सुलिन काही महिन्यांत सुटतंसुद्धा. मन्याचं नाही सुटलं. तो मागचे पाय घोट्यापर्यंत टेकून चालायला लागला, तेव्हा कुठे मी दवाखान्यात गेले. तू वेळेत गेलीस.

आणि मेमध्ये लग्नाला कोल्हापूरला यायचंय ना, तर शेजारच्या काकूंना आत्तापासून सकाळच्या सुईच्या वेळी घरी बोलाव. आधी आठवडाभर त्या नुसत्या बघतील, मग तुझ्यासमोर त्या टोचतील. बोक्याचंही इन्सुलिन १०० युनिटचं असेल, तर लाल टोपणाची एकही सिरिंज त्यांच्या हाती लागेल अशी घरात ठेवू नकोस.