छताला कठडा: कामावर जखमी झालेल्या मजुराचे हक्क

शास्त्रपाठ: अनुवाद २२:८, निर्गम २१:१८-१९



नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा घालावा, म्हणजे कोणी पडून दगावल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही, अशी आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात आहे. पडणारा सावध होता की बेसावध, हे तेथे विचारलेले नाही. ज्याचे घर, त्याने कठडा घालायचा. निर्गमाच्या २१व्या अध्यायात भांडणात जखमी झालेल्या माणसाविषयी नियम आहे. ज्याने इजा केली त्याने जखमीच्या बुडालेल्या कामाचे दिवस भरून द्यावेत आणि तो पूर्ण बरा होईपर्यंत उपचार करावेत. या दोन नियमांच्या उजेडात आपण आपल्या शहरातील एका प्रश्नाचा अभ्यास करू.

पुण्यात काय घडते

२९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. पंधरा जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. तीनच दिवसांनी आंबेगाव बुद्रुकला दुसरी भिंत पडून सहा मजूर गेले. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्याच्या शास्त्रीनगरात बांधकामावरील लोखंडी सळ्यांची जाळी कोसळून पाच कामगारांचा मृत्यू झाला. अशा वेळी वर्तमानपत्रांत बातमी येते आणि शासन मदत जाहीर करते.

परंतु एकटा मजूर परांचीवरून पडतो, प्रेस मशीनमध्ये एखाद्याचा अंगठा जातो, तेव्हा बातमी होत नाही. जुन्नर-आंबेगावचे ठाकर आणि महादेव कोळी, मुळशी-मावळचे कातकरी, नंदुरबारकडून आलेले भिल्ल आणि पावरा बांधव मुकादमाच्या शब्दावर कामाला येतात. हातात नेमणूकपत्र नसते. अपघात झाला की ठेकेदार दवाखान्याचे बिल भरतो, वर दहा-वीस हजार देतो, कागदावर अंगठा घेतो आणि गावाकडच्या गाडीत बसवून देतो. कुटुंबाला वाटते, साहेब भला माणूस, त्याने मदत केली. या कामात मला सर्वांत जड जाणारी गोष्ट हीच आहे. जे कायद्याने देणे आहे ते उपकार म्हणून दिले जाते, आणि तेही अपुरे.

कायदा काय म्हणतो

१९२३ पासून आपल्या देशात कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि त्या कायद्यातील मुख्य तरतुदी तिच्या सातव्या प्रकरणात आल्या. त्याचे सार असे:

१. काम करताना व कामामुळे अपघात झाला एवढे दाखवले की पुरे. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मजुराचे लक्ष नव्हते, एवढ्याने हक्क जात नाही. "तो प्यायला होता", "मुद्दाम हेल्मेट घातले नाही" असे बचाव मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असल्यास चालत नाहीत. नव्या संहितेत कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, धरला जातो.

२. ठेकेदार पळून गेला तरी ज्याच्या व्यवसायाचे काम चालू होते तो मुख्य मालक भरपाई देण्यास बांधील आहे. नंतर त्याने ठेकेदाराकडून वसूल करावे.

३. रक्कम ठरवण्याचे सूत्र आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के, कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के, आणि त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. २०२० पासून हिशेबासाठी वेतन कमाल १५,००० रुपये धरतात. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे मृत्यूची भरपाई १५,५९,८५० रुपये आणि पूर्ण अपंगत्वाची १८,७१,८२० रुपये. अंगठा गेला तर ३० टक्के क्षमता गेली असे धरतात, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. आता हे आकडे त्या दहा-वीस हजारांच्या शेजारी ठेवून पाहा.

४. भरपाई महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते. सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो. उपचाराचा खर्च वेगळा मिळतो.

५. "माझी काही तक्रार नाही" असे लिहून घेतल्याने कायद्याने मिळालेला हक्क जात नाही. मृत्यूची भरपाई तर परस्पर घरच्यांच्या हातात द्यायचीच नसते. ती आयुक्त किंवा सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते.

एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९६८ मध्ये एका चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. एक हात शाबूत आहे, मग पूर्ण अपंगत्व कसे, असा मालकाचा प्रश्न होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून कमावण्याची क्षमता पूर्ण गेली, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये मान्य केले. भरपाई अपघात झाल्याच्या दिवसापासूनच देणे लागते, हेही सांगितले.

दुसरे मार्ग

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात किंवा आस्थापनेत २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यास राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होते. तेथे वरच्या एकरकमी भरपाईऐवजी उपचार आणि वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने लाभ मिळतो. अपंगत्व कायमचे असेल तर जेवढी क्षमता गेली त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते. कामावरच्या इजेसाठी किती दिवस वर्गणी भरली हे पाहत नाहीत. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे.

वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या मजुराने महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी. नोंदीत मजुराचा कामावर मृत्यू झाल्यास वारसास पाच लाख रुपये मिळतात. हे मालकाच्या भरपाईपेक्षा वेगळे आहेत.

निष्काळजीपणाबद्दल पोलिसांत गुन्हाही नोंदवता येतो. भारतीय न्याय संहितेची कलमे १०६ व १२५ त्यासाठी आहेत. मात्र फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा स्वतंत्र आहेत. एकासाठी दुसरा थांबवू नये.

पहिल्या आठवड्यात काय करावे

दवाखान्यात नेताना सोबत आपला माणूस असावा. केसपेपरवर "कामावर पडून इजा" असे लिहिले आहे ना, ते वाचून घ्यावे. बऱ्याचदा सुपरवायझरच माहिती देतो आणि कागदावर "घरी पडला" असे येते. मग पुढे सारे कठीण होते. अपघाताची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एमएलसी, करण्यास सांगावे.

कामाचा पुरावा गोळा करावा. हजेरीची वही, खर्ची मोबाइलवर आल्याची नोंद, मुकादमाचे व्हॉट्सॲप निरोप, साइटच्या फलकासह फोटो, सोबतच्या दोघा-तिघांची नावे व गावे, हे सर्व पुरावेच आहेत. ठेकेदार आणि मुख्य मालक दोघांना लेखी सूचना द्यावी व पोच ठेवावी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये.

दावा दोन वर्षांच्या आत करावा. अपघात पुण्यात झाला तरी कुटुंब जेथे राहते त्या भागातही दावा करता येतो. नंदुरबारच्या विधवेने प्रत्येक तारखेला पुण्याला यावे असे नाही. तसेच १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. पुण्यात शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

गेल्या पावसाळ्यात जुन्नरकडचा एक ठाकर तरुण दुसऱ्या मजल्यावरून पडला. वडिलांनी पंचवीस हजारांच्या कागदावर अंगठा द्यायचे ठरवले होते. मुलाच्या बायकोने मोबाइलमध्ये हजेरीचे फोटो जपून ठेवले होते, म्हणून आम्हाला दावा उभा करता आला. तो अजून चालू आहे. "साहेबांना राग येईल," ही त्या वडिलांची भीती अजून गेलेली नाही, आणि ती खोटीही नाही. त्याच ठेकेदाराकडे गावातील आणखी आठ जण कामाला आहेत. म्हणून अशा कुटुंबाजवळ उभे राहणारे कोणीतरी लागते.

मंडळी काय करू शकते

आपल्यात वकील, परिचारिका, बँकेतून निवृत्त झालेले, कागदपत्रे लिहिता येणारे पुष्कळ आहेत. तारखेला सोबत जाणे, अर्ज लिहून देणे, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहणे ही सेवाच आहे. आणि आपल्यापैकी जे घर बांधतात, दुकानाचे किंवा मंदिराचे काम काढतात, त्यांचेच ते काम असते. त्यांनी आपल्या परांचीला कठडा आहे का, ठेकेदाराने मजुरांची नोंदणी केली का, हे आधी पाहावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. मदत आणि हक्क यांत फरक काय? जखमी माणसाला तो का जाणवतो?
२. आपल्या मंडळीच्या चालू किंवा होऊ घातलेल्या बांधकामात "कठडा" कोणता?
३. आपल्या परिसरातील एका साइटवरील मजुरांना नोंदणीची माहिती कोण आणि केव्हा देईल? नाव व तारीख ठरवूनच सभा संपवावी.