वायरलेसची सरकारी फी: कोणी भरायची, कोणी नाही, आणि कुठे भरायची



पावसाळा तोंडावर आला की कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. "सचिवसाहेब, नावेवर वायरलेस ठेवायचा आहे, लायसन्सला किती पैसे लागतात?" गेल्या काही दिवसांत दोन-तीन घरांत एजंट येऊन गेले. "हॅम लायसन्स काढून देतो, मग तलावात कुठेही बोला," असं सांगून त्यांनी आठ-दहा हजार मागितले. म्हणून आज हा विषय नीट मांडतो. थोडं लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा आणि घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनाही वाचायला द्या.

आधी एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फी किती हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की वायरलेस कशासाठी हवा? कामाप्रमाणे परवाना बदलतो आणि परवान्याप्रमाणे फी. चुकीच्या कामासाठी फी भरली तर पैसेही जातात आणि कायद्याने संरक्षणही मिळत नाही.

१. तीन प्रकारचे वायरलेस

पहिला प्रकार बिनपरवान्याचा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालणारे कमी ताकदीचे वॉकीटॉकी केंद्र सरकारने २०१८ च्या नियमांनी परवान्यातून मोकळे केले आहेत. यांना लायसन्स नाही, वार्षिक फी नाही. अट एवढीच की सेट त्याच पट्ट्याचा आणि ठरलेल्या ताकदीचा असावा, आणि त्याला केंद्राची उपकरण-मंजुरी, म्हणजे ईटीए, मिळालेली असावी. मोकळ्या पाण्यावर हे सेट साधारण दोन-तीन किलोमीटर काम देतात.

दुसरा प्रकार धंद्याच्या वायरलेसचा. मोठे कारखाने, सुरक्षा एजन्सी, हॉटेलं वापरतात तो. यात सरकार तुम्हाला खास फ्रिक्वेन्सी नेमून देतं. त्याचं स्पेक्ट्रमचं शुल्क दरवर्षी भरावं लागतं आणि प्रत्येक सेटचा हिशेब ठेवावा लागतो. आपल्यासारख्या छोट्या नावमालकाला हा खर्च झेपणारा नाही आणि त्याची गरजही नाही.

तिसरा प्रकार हौशी रेडिओचा, ज्याला सगळे 'हॅम' म्हणतात. हा परवाना माणसाच्या नावाने मिळतो, नावेच्या नावाने नाही. तो शिकण्यासाठी, प्रयोगासाठी, दुसऱ्या हॅमशी बोलण्यासाठी आणि आपत्तीत मदतीसाठी आहे. धंद्याचं बोलणं त्यावर चालत नाही. "आज रोहू काय भावाने गेली," "गाडी घाटावर पाठव," "बर्फ संपला" हे सगळं धंद्याचं बोलणं झालं. हॅमच्या सेटवर हे बोललात तर परवाना खिशात असूनही नियम मोडला.

एजंट नेमकी हीच गोष्ट सांगत नाहीत.

२. मग आपल्या तलावासाठी काय?

आपला मोठा तलाव सुमारे ३१ चौरस किलोमीटरचा. जाळं टाकताना दोन नावांनी एकमेकांशी बोलायचं, वारा सुटला तर किनाऱ्यावरच्या माणसाला कळवायचं, एवढ्या कामाला ४४६ चा मंजूर सेट पुरतो. त्यासाठी एक रुपयाही लायसन्स फी लागत नाही. कोणी मागितली तर देऊ नका.

घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. ऑनलाइन बाजारात स्वस्त, लांब अँटेनाचे, सगळ्या फ्रिक्वेन्सी पकडणारे सेट मिळतात. ते या सवलतीत बसत नाहीत. "मी तो ४४६ वरच लावून ठेवतो" हेही कारण चालत नाही, कारण सेटच त्या प्रकारचा नाही. असे सेट परवाना नसताना नुसते जवळ बाळगणंही गुन्हा ठरतं. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून हे तत्त्व चालत आलं आहे आणि २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही दंडाच्या कडक तरतुदी आहेत. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणावरून ऑनलाइन विक्री कंपन्यांना नोटिसा दिल्या. नंतर नियमावलीही काढली की विकणाऱ्याने फ्रिक्वेन्सी, परवाना लागतो की नाही आणि मंजुरीची माहिती स्पष्ट द्यावी. म्हणून घेताना तीन गोष्टी बघा: फ्रिक्वेन्सी लिहिलेली आहे का, ईटीए मंजुरीचा उल्लेख आहे का, आणि पक्कं बिल मिळतं का. एक जरी नसेल तर सोडून द्या.

कोकणात ज्यांचे पाहुणे समुद्रात जातात त्यांच्यासाठी सांगतो. समुद्रातल्या बोटीचा व्हीएचएफ वेगळा, त्याचा परवानाही वेगळा. तिथे १६ नंबरचं चॅनल संकटाच्या हाकेसाठी राखलेलं असतं. शिवाय ३० ऑगस्ट २०२४ ला पालघर इथे मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची केंद्राची योजना सुरू झाली. त्यांचे नियम आपल्या तलावाला लागू नाहीत आणि आपले त्यांना नाहीत. तेव्हा पाहुण्यांकडे बघून सेट घेऊ नका.

३. हॅम परवाना मग काढायचाच नाही का?

काढायचा, पण योग्य कारणासाठी. ऑगस्ट २०२१ च्या पुरात आपल्याच राज्यात श्योपूरकडे वीज गेली, मोबाइल बंद पडले, माणसं आपल्या माणसांशी बोलू शकत नव्हती. टॉवर बंद पडला की हातातला फोन नुसता दिवा उरतो. हॅम सेट बॅटरीवर चालतो, त्याला मध्ये टॉवर लागत नाही.

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आठवा. त्या वेळी हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचं पथक भारती प्रसाद यांच्यासोबत योगायोगाने पोर्ट ब्लेअरला हॅम स्टेशन चालवत होतं. बाकी संपर्क तुटल्यावर त्याच स्टेशनवरून अंदमानातल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचत होती. एरवी तिसऱ्या माणसाचे निरोप हॅमवर देता येत नाहीत, पण आपत्तीत ती मोकळीक आहे.

आपल्या घरातल्या मुलांना पाणी कळतं, नाव कळते, वारा कळतो. त्यांच्यातल्या चार जणांकडे हा परवाना असेल तर पुराच्या वेळी प्रशासन आपल्याला नुसतं नाव मागायला बोलावणार नाही, मदतीला बरोबर घेईल. म्हणून मी सांगतो, हा परवाना नावमालकाने नावेसाठी काढू नये. घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलीने स्वतःसाठी काढावा. वयाची अट फक्त १२ वर्षं पूर्ण असण्याची आहे.

४. फी किती, आणि कोणती निवडायची?

दोन ठिकाणी पैसे लागतात. एक परीक्षेची फी, ती अर्ज करतानाच भरायची आणि ती किरकोळ असते. दुसरी परवान्याची फी, ती पास झाल्यावर. परवान्याचे दोन पर्याय आहेत:

– २० वर्षांसाठी १,००० रुपये
– आजीवन २,००० रुपये

२० वर्षांचा हिशेब केला तर वर्षाला ५० रुपये. आता कोणता घ्यायचा? वय बघा. १८ वर्षांच्या मुलीने २० वर्षांचा घेतला तर ३८ व्या वर्षी पुन्हा, ५८ व्या वर्षी पुन्हा फी. आजच्या दरानेच तीन हजार होतात, आणि दोनदा नूतनीकरणाची धावपळ वेगळी. तिने आजीवनच घ्यावा. ५५ वर्षांच्या माणसाला २० वर्षांचा ७५ पर्यंत पुरतो, त्याला हजारात भागतं.

पैसे भरण्याआधी पोर्टलवर दिसणारी रक्कम या आकड्यांशी ताडून बघा. सरकारी आकडा तोच खरा.

५. पायऱ्या

१. अभ्यास. पेपरचे दोन भाग असतात: रेडिओचं साधं शास्त्र आणि नियम. दर्जे दोन. रिस्ट्रिक्टेड दर्जाला मोर्स, म्हणजे डिट-डा ची भाषा, लागत नाही. जनरल दर्जाला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावं लागतं. सुरुवात रिस्ट्रिक्टेडने करा. त्यात ५० वॅटपर्यंत परवानगी आहे आणि हातातला सेट साधारण पाच वॅटचाच असतो.

२. नोंदणी. दूरसंचार विभागाचं 'सरल संचार' पोर्टल उघडा. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असेल तरच पुढे जा. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा दिला तर पुढचे सगळे निरोप त्याला जातील.

३. परीक्षेचा अर्ज. फोटो, सही, ओळखीचा, पत्त्याचा आणि वयाचा पुरावा स्कॅन करून ठेवा. नाव सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखं हवं. आपल्याकडे आधारवर एक आडनाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं, असं फार आहे. आधी ते दुरुस्त करा. परीक्षेची केंद्रं पोर्टलवर दिसतात, त्यातलं सोयीचं निवडा. नागपूरही नेहमीच्या केंद्रांपैकी आहे. विदर्भात पाहुणे असतील तर मुक्कामाची सोय होईल.

४. फी भरणं. पैसे 'भारतकोष' या सरकारी व्यवस्थेतून ऑनलाइन जातात. पोर्टलवरूनच तिथे जायचं. पावती निघाली की तिची प्रिंट काढा आणि व्यवहार क्रमांक वहीत लिहा.

५. पास झाल्यावर परवान्याचा अर्ज, २० वर्षं की आजीवन ते निवडणं, फी, आणि पोलीस चौकशी. चौकशीला वेळ लागतो, धीर धरा. घरी हवालदार आले तर घाबरू नका, कागद दाखवा.

६. परवाना हातात आल्यावर तुमची ओळख-खूण, म्हणजे कॉलसाइन, मिळेल. रिस्ट्रिक्टेडची बहुधा 'व्हीयू३' ने आणि जनरलची 'व्हीयू२' ने सुरू होते. सेट त्यानंतर घ्या, आधी नाही.

६. पैसे भरताना इथे फसतात

– खाजगी क्यूआर कोड. सरकारी फी कोणाच्या वैयक्तिक फोनवर, कोणाच्या क्यूआरवर जात नाही. कितीही ओळखीचा माणूस असला तरी नाही.

– दोनदा भरणं. खात्यातून पैसे गेले आणि पावती आली नाही, तर लगेच पुन्हा भरू नका. भारतकोषवर व्यवहाराची स्थिती बघता येते. आधी ते बघा, एक-दोन दिवस थांबा, मग ठरवा.

– परीक्षेशिवाय परवाना. असा परवाना नसतो. कोणी देत असेल तर तो कागद खोटा आहे आणि पकडले जाल ते तुम्ही.

– एकाचा परवाना, दुसऱ्याचा आवाज. मुलाच्या परवान्यावर बाप, काका, नोकर बोलू शकत नाहीत. ज्याची परीक्षा, त्याचाच आवाज.

– पत्ता आणि मुदत. घर बदललं तर कळवावं लागतं. मुदत संपण्याची तारीख नावेच्या विम्याच्या तारखेशेजारीच लिहून ठेवा.

७. शेवटचं, पण सगळ्यात आधीचं

१३ सप्टेंबर २०१९ ला पहाटे खटलापुरा घाटावर, छोट्या तलावात, गणपती विसर्जनाच्या वेळी नाव उलटली आणि ११ जण गेले. किनारा जवळ होता. तिथे वायरलेस असता तरी काही उपयोग नव्हता. गरज होती ती लाइफ जॅकेटची आणि नावेत मोजकी माणसं बसवण्याची. म्हणून पैशांचा क्रम असा ठेवा: आधी प्रत्येक माणसामागे एक जॅकेट, मग नावेची डागडुजी आणि विमा, मग ४४६ चे दोन मंजूर सेट, आणि त्यानंतर घरातल्या एका मुला-मुलीचा हॅम परवाना. संकटात मोबाइल चालू असेल तर पहिला फोन ११२ लाच.

ज्या घरात बारावीपर्यंत शिकलेलं कोणी असेल आणि परीक्षेला बसायची तयारी असेल, त्यांनी आपलं नाव संस्थेच्या कार्यालयात द्यावं. पाच-सहा नावं जमली की रविवारी एकत्र बसून अभ्यास सुरू करू आणि अर्जही एकमेकांसमोर भरू, म्हणजे चुका होणार नाहीत. संस्था यासाठी कोणतंही शुल्क घेणार नाही. फी ज्याची त्याने, स्वतःच्या हाताने, सरकारी पोर्टलवरच भरायची. पावतीची एक झेरॉक्स मात्र कार्यालयात ठेवा.

एजंट पुन्हा घरी आला तर ही पोस्ट त्याला दाखवा.

आपला,
सचिव