उतारवयांतील टेनिसपटु आणि कोर्टाची गति

क्रिकेटची खेळपट्टी कशी आहे, ओली कीं कोरडी, याची चर्चा आपल्याकडे लहान मुलेंहि करितात. टेनिसमध्यें भूमीचा प्रभाव त्याहून कमी नाहीं. परंतु तिकडे आपलें लक्ष फारसें जात नाहीं. हिरवळ, तांबडी माती आणि वर रंगाचा थर दिलेलें कठीण कोर्ट या तिन्ही ठिकाणीं एकच खेळ खेळला जातो, हें म्हणणें केवळ नियमांच्या पुस्तकापुरतें खरें आहे. स्वित्झर्लंडचा विख्यात खेळाडू रॉजर फेडरर हा निवृत्तीच्या समीप येऊं लागला, तेव्हां कोर्टें पूर्वीसारखीं जलद राहिलीं असतीं तर हा गृहस्थ आणखी कांहीं वर्षें अजिंक्य राहिला असता, असें त्याचे चाहते म्हणत असत. या म्हणण्यांत तथ्य किती, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ‘गति’ या शब्दाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. कोर्ट चेंडूस वेग देत नाहीं. तें त्याचा वेग कमीअधिक हिरावून घेतें, एवढेंच. चेंडू तिरकस येऊन जमिनीस टेंकला म्हणजे क्षणभर घसरतो, आणि त्या घर्षणानें त्याचा पुढें जाण्याचा वेग घटतो. तांबड्या मातीवर घर्षण अधिक, शिवाय चेंडू उंच उसळतो. म्हणून खेळाडूस दुहेरी अवधि मिळतो. हिरवळीवर घर्षण कमी व उसळीहि कमी; चेंडू जमिनीलगत सरपटत अंगावर येतो. कठीण कोर्ट बहुधा या दोहोंच्या मध्यें बसतें, आणि त्याची गति करणाराच्या हातांत असते. वरच्या रंगांत मिसळलेली वाळू जाड व विपुल असेल तर कोर्ट मंद, बारीक व थोडी असेल तर जलद. आंतरराष्ट्रीय टेनिस संघानें घर्षण व उसळी मोजून कोर्टास एक अंक देण्याची पद्धति ठरविली आहे. २९ वा त्याहून कमी अंक आल्यास तें कोर्ट मंद, ४५ वा अधिक आल्यास जलद. हवेचाहि परिणाम असतो. माद्रिद शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंच असल्यामुळें तेथील विरळ हवेंत मातीवरचा खेळहि पॅरिसपेक्षां जलद होतो.

आतां थोडें गणित करूं. कोर्टाची लांबी २३.७७ मीटर आहे. ताशीं २०० किलोमीटर वेगानें मारलेली सर्व्हिस वाटेंत मुळींच न मंदावतां गेली, तर ती ०.४३ सेकंदांत पलीकडच्या रेघेवर पोंचेल. हवेचा विरोध व जमिनीचें घर्षण यांमुळें प्रत्यक्षांत अर्ध्या सेकंदाहून किंचित् अधिक अवधि मिळतो. या ‘किंचित्’ शब्दांतच आमच्या विषयाचें सर्व मर्म आहे. कारण तो अवधि किती असावा, हें बऱ्याच अंशीं भूमि ठरवीत असते.

वय वाढलें म्हणजे खेळाडूचें सर्वच बळ एकदम जात नाहीं. मनगटांतील कसब पुष्कळ काळ टिकतें. प्रतिस्पर्धी कोठें मारणार याचा अंदाज तर अनुभवानें वाढतो. कमी होतें तें पायांचें बळ, आणि त्याहूनहि अधिक, आजच्या श्रमांतून परवांच्या सामन्यापर्यंत सावरण्याची शक्ति. मोठ्या स्पर्धेंत पंधरवड्याच्या आंत सात सामने जिंकावे लागतात. जलद कोर्टावर एकेक गुण दोनचार फटक्यांत निकालीं निघतो आणि पाय वांचतात. मंद कोर्टावर तोच गुण वीस वीस फटके चालतो. येथवर चाहत्यांचें म्हणणें बिनतोड आहे. परंतु जलद कोर्ट जें पायांना देतें, तें डोळ्यांकडून व पहिल्या पावलाकडून वसूल करून घेतें. ज्यास चेंडूकडे वळावयास क्षणार्धाचा उशीर होऊं लागला, त्यास हिरवळ मातीपेक्षां अधिक निष्ठुर असते.

याचें उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियाचा केन रोझवॉल होय. त्याचा जन्म १९३४ चा. १९७२ सालीं ३७ वर्षांचा असतां त्यानें आपल्या देशाचें अजिंक्यपद मिळविलें, आणि १९७४ सालीं ३९ व्या वर्षीं तो विंबल्डन व अमेरिकेंतील फॉरेस्ट हिल्स या दोन्ही ठिकाणीं अंतिम सामन्यापर्यंत गेला. या तिन्ही स्पर्धा त्या काळीं हिरवळीवर होत असत. विंबल्डनच्या उपांत्य सामन्यांत तर पहिले दोन सेट गमावूनहि त्यानें स्टॅन स्मिथसारख्या मातबराला हरविलें. हिरवळीनें त्यास येथवर आणलें खरें. परंतु अंतिम सामन्यांत समोर जिमी कॉनर्स हा एकवीस वर्षांचा तरुण होता, आणि सर्व्हिस परतविण्यांत त्याचा हातखंडा होता. विंबल्डनला ६–१, ६–१, ६–४ आणि फॉरेस्ट हिल्सला ६–१, ६–०, ६–१ असा निकाल लागला. ज्या भूमीनें वृद्धाचे पाय राखले, तिनेंच तरुणाच्या परतीच्या फटक्यास धार दिली.

विंबल्डनची हिरवळहि पुढें पूर्वीची राहिली नाहीं. २००० सालापर्यंत तेथें ७० टक्के बारमाही राय आणि ३० टक्के तांबडें फेस्क्यू असें मिश्र गवत असे. २००१ पासून तें निव्वळ राय झालें. गवत टिकाऊ व्हावें हा त्याचा हेतु सांगितला जातो. परंतु खालची जमीन कठीण राहूं लागली, चेंडू अधिक उंच व भरंवशानें उसळूं लागला, आणि सर्व्हिस करून नेटाकडे धांवणारांचें राज्य हळूहळू संपलें. २००२ च्या अंतिम सामन्यांत ह्यूइट व नालबांदियान हे दोघेहि मागच्या रेघेवरून खेळणारे होते. २००३ सालीं फेडररनें येथें पहिलें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां तो वारंवार नेटाकडे जात असे. पुढें त्यानेंहि मागूनच खेळण्याचा परिपाठ ठेविला. म्हणजे ‘पूर्वीचीं जलद कोर्टें’ म्हणून चाहते जो शोक करीत, त्यांपैकीं बराचसा बदल या वीराच्या उत्कर्षापूर्वींच होऊन गेला होता. त्याचीं विंबल्डनचीं आठहि अजिंक्यपदें नव्या गवतावरचीं आहेत!

तथापि त्याच्या उत्तरायुष्यांत कोर्टाच्या गतीनें त्यास हात दिला, हेंहि नाकारतां येत नाहीं. २०१६ सालीं त्याचा डावा गुडघा दुखावला. हें दुखणें कोणत्याहि कोर्टावर झालें नाहीं. आपल्या मुलींच्या स्नानाची तयारी करतांना तें उद्भवलें, असें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. सहा महिने विश्रांति घेऊन २०१७ च्या जानेवारींत तो मेलबर्नला उतरला, तेव्हां त्याचें वय ३५ होतें आणि मानांकन सतरावें. कोर्ट त्या वर्षीं नेहमींहून जलद असल्याचें अनेक खेळाडूंनीं सांगितलें. त्याच्या हातांत आतां जुन्या ९० चौरस इंचांच्या रॅकेटऐवजीं ९७ चौरस इंचांची रॅकेट होती, आणि डाव्या बाजूस आलेला चेंडू तो उसळून चढण्याच्या आंतच सरळ फटकावीत असे. गंमत अशी कीं, पाय वांचविणाऱ्या त्या जलद कोर्टावरहि त्यास तीन सामने पांचपांच सेटपर्यंत खेळावे लागले. नदालविरुद्ध अंतिम सामन्यांत पांचव्या सेटमध्यें तो १–३ असा मागें होता; तेथून त्यानें सलग पांच गेम जिंकले. त्या वर्षीं मातीच्या सर्व स्पर्धा त्यानें सोडून दिल्या, आणि जुलईंत एकहि सेट न गमावितां विंबल्डन जिंकलें. आमच्या मतें हा निर्णय त्याच्या कोणत्याहि फटक्याइतकाच कुशल होता. उरलेलें बळ थोडें आहे हें जाणून तें कोठें खर्चावें, हें त्यानें ठरविलें.

मग २०१९ चा तो सामना. जोकोविचविरुद्ध विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत ३८ व्या वर्षाच्या उंबरठ्यावरील फेडरर ८–७, ४०–१५ असा आघाडीवर असून सर्व्हिस त्याचीच होती. दोन्ही संधि हुकल्या. ४ तास ५७ मिनिटांनंतर तो पांचव्या सेटमध्यें १३–१२ असा हरला. एकंदर गुण मात्र त्याचे २१८ आणि विजेत्याचे २०४. गवत अधिक जलद असतें तर? असा प्रश्न पुष्कळांनीं केला. आम्हांस तो व्यर्थ वाटतो. पांच तास खेळूनहि त्याचे पाय थकले नव्हते. गेले ते दोन गुण, आणि दोन गुणांचा हिशोब कोणत्याहि गवतावर मांडतां येत नाहीं. शिवाय त्याच वर्षीं तो पॅरिसच्या मंद मातीवर उपांत्य सामन्यापर्यंत पोंचला होता.

याहून विलक्षण दाखला जोकोविचचाच आहे. २०२४ च्या जुलईंत विंबल्डनच्या हिरवळीवर अल्काराझनें त्यास सरळ तीन सेटमध्यें हरविलें. जेमतेम तीन आठवड्यांनीं पॅरिसच्या मातीवर ३७ वर्षांच्या जोकोविचनें त्याच अल्काराझला ७–६, ७–६ असें हरवून ऑलिंपिकचें सुवर्णपदक घेतलें. जूनमध्यें त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती व ऑलिंपिकचे सामने तीनच सेटांचे होते, हें लक्षांत घेतलें तरी ‘उतारवयास जलद कोर्टच हवें’ हा सिद्धान्त येथें लंगडा पडतो. ज्याची पुंजी सर्व्हिस आणि चेंडू लवकर घेणें ही आहे, त्यास जलद भूमि तारते. ज्याची पुंजी परतीचा फटका आणि अचूक दिशा ही आहे, त्यास मिळालेला अवधिच तारतो. रोझवॉलला नमविणारा कॉनर्सच पहा ना! सर्व्हिस परतविण्यावर जगलेला हा खेळाडू १९९१ सालीं स्वतः ३९ वर्षांचा होऊन न्यू यॉर्कच्या कठीण कोर्टावर उपांत्य सामन्यापर्यंत गेला.

फेडररची निवृत्ति अखेर कोर्टानें नव्हे, उजव्या गुडघ्यानें ठरविली. त्यावर २०२० सालीं दोनदां व २०२१ सालीं पुन्हा एकदां शस्त्रक्रिया झाली. मधल्या विंबल्डनला हुर्काझनें त्यास शेवटचा सेट ६–० असा दिला. त्याच्या प्रिय हिरवळीवरचा तो शेवटचा सेट होय. २३ सप्टेंबर २०२२ रोजीं लंडन येथें लेव्हर कपच्या स्पर्धेंत तो अखेरचा खेळला, तो दुहेरीचा सामना. दुहेरींत अर्धेंच कोर्ट राखावें लागतें. उरलेलें अर्धें त्या रात्रीं नदाल राखीत होता.