आतेभावाकडून घेतलेली पॉलिसी



तुझे पत्र आणि सोबतच्या पॉलिसीच्या प्रती पोहोचल्या. पाच वर्षे हप्ते भरले की काम संपले, असे ज्या योजनेविषयी तुला सांगण्यात आले, तिच्या दस्तऐवजात हप्त्यांची मुदत पंधरा वर्षे छापलेली आहे, हे तू स्वतः वाचून पाहिलेस ही गोष्ट उत्तम झाली. परंतु विकणारा एजंट तुझा आतेभाऊ आहे, आत्याला वाईट वाटेल, या विवंचनेत तू अद्याप कोणालाच काही लिहिले नाहीस, हे मात्र मला मुळीच पसंत नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, आणि विम्याच्या बाबतीत तर ती दरसाल हप्ता मागायला येते.

प्रथम जे तातडीचे ते सांगतो. पॉलिसीचा दस्तऐवज हाती पडल्यापासून तीस दिवसांच्या आत, अटी मान्य नसल्यास, तो परत करण्याचा अधिकार 2024 च्या नियमांनी प्रत्येक विमेदाराला दिलेला आहे. व्यवहारात त्याला ‘फ्री लुक’ म्हणतात. अर्ज केल्यावर तेवढ्या दिवसांच्या जोखमीची रक्कम, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून उर्वरित हप्ता परत मिळतो, आणि त्यासाठी कोणाची लबाडी सिद्ध करावी लागत नाही. ज्या लिफाफ्यातून दस्तऐवज आला तो जपून ठेव, कारण मुदत कधी सुरू झाली हा वाद उद्भवलाच, तर त्यावरील टपालाचा शिक्काच तुझा साक्षीदार ठरेल. अर्ज आतेभावाच्या हाती देऊ नकोस. कंपनीच्या शाखेत स्वतः जाऊन दे आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घे.

आता तुझ्या संकोचाविषयी. 1938 च्या विमा अधिनियमात 2015 साली जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे एजंटाची नेमणूक आता कंपनी स्वतः करते आणि त्याच्या कृत्यांची, त्याने आचारसंहिता मोडली तर त्याचीसुद्धा, जबाबदारी कंपनीवर येते; या कसुरीबद्दल कंपनीला एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे तुझी दाद कंपनीकडे आहे, आत्याच्या घराकडे नाही. ब्रोकर हा कायद्याने ग्राहकाचा प्रतिनिधी असतो, एजंट कंपनीचा. तुझ्या घरी चहा घेताना तो आतेभाऊ असेल, परंतु पॉलिसीचे कागद पुढे सरकवताना तो कंपनीचा माणूस होता, एवढा भेद मनात पक्का केलास की पत्र लिहिणे जड जाणार नाही.

या जबाबदारीला एक मर्यादा आहे, आणि तिची किंमत एका कुटुंबाने कशी मोजली ते सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या निकालात वाचायला मिळते. एका विमेदाराने आयुर्विमा महामंडळाच्या हप्त्याचा बेअरर चेक एजंटाच्या स्वाधीन केला. एजंटाने तो वटवला, परंतु पैसे दोन महिन्यांहून अधिक काळ स्वतःजवळच ठेवले. दरम्यान विमेदाराला अपघाती मृत्यू आला, आणि पैसे महामंडळात जमा झाले ते मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी. महामंडळाच्या नियमांप्रमाणे हप्ता स्वीकारण्याचा अखत्यार एजंटाला नव्हता, सबब त्याला दिलेले पैसे महामंडळाला पोहोचले असे मानता येत नाही, असा निर्णय होऊन वारसांचा दावा फेटाळला गेला. निकाल कठोर वाटतो, मलाही वाटला. पण कायदा तसा आहे हे जाणून हप्ता नेहमी कंपनीच्या नावाने भरावा आणि पावती कंपनीची असावी.

प्रपोजल फॉर्मचेही तेच. ‘फॉर्म एजंटाने भरला, मी केवळ सही केली’ ही सबब 2019 च्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. तीन वर्षे लोटल्यावर विमा अधिनियमाच्या 45 व्या कलमाप्रमाणे कंपनीला आयुर्विम्याच्या पॉलिसीवर हरकत घेता येत नाही हे खरे, परंतु त्याआधी क्लेम आला तर तोच फॉर्म बाहेर काढला जातो. तुझ्या फॉर्मची प्रत दस्तऐवजासोबत आलेली आहे. तीत आजारांविषयीच्या प्रश्नांपुढे काय लिहिले आहे ते आजच पाहा.

आतेभावाने पहिल्या हप्त्यातील काही रक्कम परत देऊ केली, असे तू जाता जाता लिहिले आहेस. ती घेऊ नकोस. त्याच अधिनियमाच्या 41 व्या कलमाने अशी सूट देणाराही दोषी आणि घेणाराही दोषी, आणि दंड दहा लाखांपर्यंत आहे.

कंपनीने अर्ज नाकारला किंवा टोलवाटोलवी केली, तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार कर. चौदा दिवसांत तिचा निकाल लागावा अशी अपेक्षा असते. समांतर नोंद विमा नियामक प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ व्यवस्थेत किंवा 155255 या क्रमांकावर करता येते, पण प्राधिकरण तक्रार कंपनीकडेच धाडते, स्वतः न्यायनिवाडा करीत नाही, हे समजून घे. महिनाभरात उत्तर न आल्यास, किंवा आलेले न पटल्यास, एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. तुम्हा कोल्हापूरकरांसाठी ते कार्यालय पुण्यास आहे. तिथे शुल्क नाही, वकील नाही. पन्नास लाखांपर्यंतचा निवाडा होतो, आणि तो कंपनीला बंधनकारक असतो, तुला नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग दोन वर्षे खुला राहतो. परंतु तेथे प्रकरण चालू असताना लोकपाल त्याच विषयात हात घालीत नाही, आणि आयोगात तारखांना तोटा नसतो, म्हणून माझ्या मते आधी लोकपालच बरा.

तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी 1956 च्या जानेवारीत आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, तेव्हा विमेदाराच्या मनात कंपनी बुडण्याची धास्ती असे. आज नियामक आहे, लोकपाल आहे, आयोग आहे, आणि कंपनी सहसा बुडत नाही. बुडतो तो न मागितलेली पॉलिसी भिडेखातर ठेवून घेणारा, कारण या साऱ्या दप्तरांना त्याच्या लेखी अर्जावाचून काही करता येत नाही.

आत्याशी मी बोलेन, ती चिंता माझ्यावर सोड. तू मात्र तीस दिवसांपैकी उरलेल्या दिवसांत अर्ज शाखेत देऊन ये, आणि पोचेची एक प्रत मला पाठव.

तुझा,
मामा