खुर्चीवर बसून धडाचा तोल साधण्याचे सुरक्षित व्यायाम

झाडावरून वा विहिरीत पडणे, रस्त्यावरील अपघात, पक्षाघात अशा कारणांनी अपंगत्व आलेला शेलूबाजार परिसरातील रुग्ण मोठ्या शहरातील उपचार आटोपून व्हीलचेअरसह गावी परततो, तेव्हा पुढील उपचारांचा मोठा भार कुटुंबीयांवर येतो. त्यांच्यासाठी हा पाठ आम्ही येथे देत आहोत.

पोट, पाठ व ओटीपोटाचे स्नायू आणि श्वासपटल मिळून धड स्थिर ठेवतात. हे स्नायू दुर्बल झाले की रुग्ण एका हाताने खुर्ची धरून बसतो आणि जेवायला एकच हात उरतो. दोन्ही हात मोकळे होणे, हेच या व्यायामांचे उद्दिष्ट होय. मज्जारज्जूच्या पूर्ण इजेत गेलेली शक्ती व्यायामाने परत येतेच असे नाही. मात्र शिल्लक स्नायूंनी तोल सांभाळणे शिकता येते. १९६५ च्या युद्धात जायबंदी होऊन कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळविले, हे उदाहरण बोलके आहे.

पूर्वतयारी : मणक्याचे फ्रॅक्चर वा शस्त्रक्रिया अलीकडची असल्यास डॉक्टरांच्या परवानगीविना व्यायाम करू नये. लघवी आधी करून घ्यावी. नळी असल्यास ती पिळलेली नाही हे पाहावे. दोन्ही ब्रेक लावावेत, कंबर पाठीमागे टेकवावी, पावले सपाट टेकलेली असावीत. मदतनीसाने समोर, किंचित बाजूला उभे राहावे. रुग्णास काखेत धरून ओढू नये. खांद्यास इजा होते.

व्यायामाचा क्रम :
१) सावकाश श्वास सोडताना बेंबी हलकेच आत घ्यावी. श्वास कोंडू नये.
२) हात मांडीवर ठेवून कंबर किंचित पुढे व मागे झुकवावी.
३) टेबलाचा आधार घेऊन वजन एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर न्यावे.
४) तोल जमल्यावर एक हात उचलून समोरच्या वस्तूला स्पर्श करावा, पुढे दोन्ही हात.
प्रत्येक कृती प्रारंभी ५ वेळा पुरे. आधी आधार, मग हालचाल आणि शेवटी वजन, हा क्रम मोडू नये. दीर्घकाळ पक्षाघात असलेल्यांची हाडे ठिसूळ होतात. म्हणून धडास जोराने पीळ देऊ नये.

धोक्याची चिन्हे : चक्कर आल्यास ब्रेक तपासून खुर्ची सावधपणे मागे कलती करून धरावी. छातीच्या मध्यापासून वर मज्जारज्जूस इजा झालेल्या रुग्णास अकस्मात तीव्र डोकेदुखी, चेहरा लाल होणे, घाम येणे ही लक्षणे दिसल्यास रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. अशा वेळी त्यास आडवे न करता ताठ बसवावे, कपडे सैल करावेत, तुंबलेले मूत्राशय वा अडलेली नळी तपासावी आणि तत्काळ रुग्णालयात आणावे. अशा रुग्णांना इजेखालील भागात नीट घाम येत नसल्याने वऱ्हाडातील उन्हाळ्यात व्यायाम सकाळीच उरकावा.

व्यायामाइतकीच त्वचेची निगा महत्त्वाची आहे. दर अर्ध्या तासाने पुढे वा बाजूला झुकून बैठकीवरील दाब दोनेक मिनिटे हलका करावा. रोज रात्री त्वचा पाहावी. न जाणारा लालसर डाग ही शय्याव्रणाची पहिली सूचना होय.

पहिले सर्व व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली शिकावेत, व सोबत घरी काळजी घेणाऱ्या व्यक्तीस अवश्य आणावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे.