माळवद, स्लॅब आणि घराचा गारवा

मराठवाड्यातील जुन्या घराचे मातीचे सपाट छत म्हणजे माळवद. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर अशी या घराची रचना असते. गळती होऊ नये म्हणून पावसाळ्यापूर्वी छतावर नवी माती टाकीत. त्यामुळे थर वाढतच जाई. उन्हाळ्यात हे घर गार का राहते? जाड दगड-माती तापायला फार वेळ लागतो. दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि रात्रीच्या वाऱ्याने घर पुन्हा निवते. विजेवाचून गारवा देणारे हे घर होय.

परंतु ज्या वजनाने गारवा दिला, त्याच वजनाने घात केला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडामातीखाली गाडली गेली. भिंतीची आतली व बाहेरची बाजू सांधणारे आरपार दगड बहुधा नव्हतेच. त्यामुळे भिंती उकलून पडल्या. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली आणि माळवदावरचा लोकांचा विश्वास उडाला.

त्याची जागा स्लॅबने घेतली. नीट बांधलेला स्लॅब सुरक्षित खरा. पण चार-पाच इंचांचे काँक्रीट दिवसभर तापते आणि रात्री ती धग घरात सोडते. मग पंखा आला, कूलर आला, विजेचे बिल आले. आमच्या घरी बांधकामाचा विषय निघाला की आजी म्हणते, "माळवदच घाला." आई त्या भूकंपाच्या वेळी लहान होती. ती म्हणते, "त्याखाली मला झोप लागायची नाही." दोघींचेही खरे आहे.

यातून वाट आहे का? भूकंपांच्या जपानचे उदाहरण घेऊ. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे येथे जड कौलांची जुनी लाकडी घरे कोसळून पुष्कळ माणसे दगावली. आज तेथील नव्या घरांत हलके छप्पर, भिंतींत काचेच्या लोकरीचा थर आणि दुहेरी काचांच्या खिडक्या सर्रास दिसतात. काचेच्या लोकरीत अडकलेली स्थिर हवा उष्णता अडवते. तिला वजन जवळजवळ नसते. एप्रिल २०२५ पासून तेथे नव्या घरांना ऊर्जाबचतीचे निकष सक्तीचे झाले आहेत.

म्हणजे गारव्यासाठी वजन हवेच असे नाही. आपल्याकडे स्लॅबला चुन्याचा पांढरा लेप, त्याखाली हलके उष्णतारोधक छत, समोरासमोर खिडक्या आणि पश्चिमेच्या भिंतीवर झाडाची सावली एवढे केले तरी फरक पडेल. उभ्या असलेल्या माळवदांवरील जादा माती उतरवून भिंतींत आरपार दगड बसवता येतात. घराचा नकाशा काढतानाच आजीचा गारवा आणि आईची झोप या दोहोंचा विचार व्हावा, असे मला वाटते.