मेकाँगची तारीख ठरवण्याआधी

मेकाँग क्रूझचं कुठलंही माहितीपत्रक उघडा. आत नकाशा असतो आणि नकाशावर एक जाड निळी रेघ. वर कंबोडियातलं सिएम रीप, खाली व्हिएतनाममधलं सायगाव, मधे फक्त पाणी. सोबत अंगकोरचे कळस आणि डेकवरच्या वेताच्या खुर्च्या. ही रेघ बाराही महिने तशीच छापलेली असते. नदीचं तसं नसतं.

आम्ही चौघं, म्हणजे मी आणि नवरा, ताई आणि भावोजी, होळीच्या सुमारास गेलो. सिएम रीपच्या हॉटेलात आदल्या रात्री खोलीत एक पाकीट आलं: सकाळी बॅगा खाली आणा, बस येईल. बोट सिएम रीपला नव्हतीच. ती अडीचशे किलोमीटरवर कांपोंग चाम गावी उभी होती आणि ज्या सरोवरातून संथपणे जायचं स्वप्न आम्ही पाहिलं होतं, त्याला वळसा घालून आम्ही हायवेने गेलो. वाटेत स्कून नावाच्या गावी बस थांबली. तिथला प्रसिद्ध खाऊ म्हणजे तळलेले कोळी. तळहाताएवढे काळे केसाळ कोळी, लसणाची फोडणी देऊन परातीत रचलेले. विकणाऱ्या मुलीने एक जिवंत कोळी ब्रोचसारखा शर्टावर लावला होता. ताईने दारातूनच पाऊल मागे घेतलं आणि "मला क्रूझवर जायचंय" एवढंच म्हणाली.

एजंटला फोन केला तर उत्तर तयार होतं, "मॅडम, टर्म्समध्ये आहे ना ते." होतंच. पाण्याच्या पातळीप्रमाणे बोटीत चढण्या-उतरण्याची जागा बदलू शकते, त्यासाठी पैसे परत मिळणार नाहीत, असं बारीक टायपात. पैसे घेताना मात्र त्याने अंगकोरच्या सूर्योदयाबद्दल अर्धा तास सांगितलं होतं आणि पाण्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्या हंगामात बस लागते हे या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं, म्हणून राग आला.

आता त्या सरोवराची गंमत. तोनले साप ही नदी फ्नॉम पेन्हपाशी मेकाँगला मिळते आणि दरवर्षी दिशा बदलते. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तिचं पाणी या नदीत उलटं रेटलं जातं आणि वरचं सरोवर भरू लागतं. कोरड्या दिवसांत अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास असलेलं सरोवर भरात पंधरा हजारांपर्यंत पसरतं. खोली मीटरभरावरून नऊ-दहा मीटरवर जाते. पावसाळा सरला की प्रवाह पुन्हा सुलट होतो आणि सगळं पाणी खाली उतरू लागतं. पन्नास-साठ प्रवाशांची बोट लहान म्हणायची, पण मीटरभर पाण्यात तीही चालत नाही. त्यामुळे सरोवर ओलांडून जाणाऱ्या फेऱ्या साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंतच. तेही नदीच्या मर्जीने. 2019 साली पाऊस लांबला, वर चीन आणि लाओसमधली धरणं होतीच, आणि उलटा प्रवाह उशिरा येऊन लवकर आटोपला.

आपल्याकडे सुट्टीचं गणित दोन महिन्यांभोवती फिरतं, मे आणि दिवाळी. मे महिना मेकाँगसाठी मनातून काढूनच टाका. पाणी तळाला, ऊन असं की दुपारी डेकच्या खुर्चीला हात लावता येत नाही. दिवाळीच्या आसपासची तारीख मिळाली तर डोळे मिटून घ्या. कार्तिक पौर्णिमेला, आपण त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लावतो तेव्हा, फ्नॉम पेन्हला बोन ओम तूक हा पाण्याचा उत्सव असतो. लांबलचक होड्यांच्या शर्यती आणि काठावर अफाट गर्दी. त्या दिवसांत बोट शहरात नेमकी कुठे लागणार हे मात्र आधी विचारून ठेवा. आणि मुलांच्या शाळेमुळे मेशिवाय पर्यायच नसेल तर चीनमधली यांगत्से बघा. तिथे चोंगछिंग ते यीचांग हा पट्टा थ्री गॉर्जेस धरणाच्या जलाशयातून जातो, पाण्याची चिंता नाही. बोटी मात्र शेकडो माणसांच्या, तरंगत्या हॉटेलासारख्या. लहान बोटीची मजा हवी असेल त्यांनी तिकडे फिरकू नये.

कमी पाण्याचा खरा हिसका रस्त्यावर नाही, काठावर बसतो. भरल्या नदीत बोट जवळजवळ काठाच्या बरोबरीने उभी असते. उन्हाळ्यात नदी कित्येक मीटर खाली जाते आणि काठ भिंतीसारखा वर उभा राहतो. कांपोंग चामजवळच्या एका गावी उतरायचं होतं तेव्हा बोटीवरची दोन पोरं आधी खाली गेली, कुदळीने ओल्या मातीत पायऱ्या कोरल्या, त्यांवर वाळूची पोती टाकली आणि एका बांबूला दोर बांधला. फळी हलती, पहिली पायरी गुडघ्याएवढी, आणि कठडा म्हणजे तो दोर. भावोजी चढले. ताईने पाच-सहा पायऱ्या चढून खाली बघितलं आणि तिथेच बसली. एका पोराने तिचा हात आणि दुसऱ्याने कोपर धरून तिला वर आणलं, पण वरचा सुंदर विहार तिने पाहिलाच नाही. आता उतरायचं कसं, एवढंच तिच्या डोक्यात. पुढच्या गावी ती बोटीवरच राहिली. गुडघ्याची तक्रार असेल त्यांनी "चालणं किती आहे?" असं विचारू नये. "सपाटच आहे" असं उत्तर मिळतं आणि ते खोटंही नसतं. तुमच्या महिन्यात कुठल्या थांब्यावर पक्का धक्का आहे आणि कुठे कच्चा काठ, हे थांब्यागणिक विचारा. बोटीवर लिफ्ट आहे का हेही. आमच्या बोटीवर नव्हती आणि जेवणाची खोली दोन जिने वर. बहुतेक लहान बोटींवर डॉक्टरही नसतो, तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्या आठवडाभर जास्तीच्या घ्या.

खोलीबद्दल एकच सांगते. खालच्या डेकची, मागच्या बाजूची खोली स्वस्त असते ती इंजिनामुळे. टेबलावरचा ग्लास रात्रभर किणकिणतो. बाल्कनीसाठी जास्त पैसे मोजण्याआधीही विचार करा, कारण फ्नॉम पेन्हसारख्या गर्दीच्या धक्क्यावर दोन-दोन बोटी एकमेकींना चिकटून बांधतात. आम्ही पडदा सारला तर समोर हातभर अंतरावर दुसऱ्या बोटीतले आजोबा बनियनवर दात घासत होते.

फ्नॉम पेन्हचा कार्यक्रम मला कुणी आखायला दिला तर मी वेगळा आखीन. आमचा असा होता: सकाळी तुओल स्लेंग, म्हणजे शाळेचा तुरुंग करून ख्मेर रूजने 1975 ते 1979 च्या राजवटीत हजारो माणसं जिथे छळली ती जागा. लगेच चोउंग एक, जिथे त्यांना मारून पुरलं. आणि संध्याकाळी डेकवर नृत्याचा कार्यक्रम, हातात रंगीत सरबत. तुओल स्लेंगच्या वर्गखोल्यांच्या भिंतींवर कैद्यांचे फोटो रांगेने लावले आहेत, त्यात लहान मुलंही आहेत, सगळी थेट आपल्याकडे बघणारी. ते पाहिल्यावर नवरा जेवला नाही. तुम्ही तिथे जरूर जा, पण बोट शहरात दोन दिवस थांबत असेल तर दोन्ही जागा एकाच सकाळी कोंबू नका, आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला सरळ दांडी मारा. कुणी रागावत नाही.

शाकाहाऱ्यांनी बुकिंग करताना नुसतं "व्हेज" लिहून भागत नाही. भाजीत मासळीचा तुकडा नसला की तिथे ती शाकाहारीच, पण फिश सॉस, ऑयस्टर सॉस आणि कंबोडियात प्राहोक ही आंबवलेल्या मासळीची चटणी कशातही असू शकते. ही तिन्ही नावं लिहून द्या. व्हिएतनाममध्ये सोपं आहे, तिथल्या बौद्धांमुळे "चाय" म्हटलं की मासळीचा रसही नसलेलं जेवण मिळतं. खाकरे आणि मेतकूट आम्ही नेलं होतं ते मात्र शेवटी आचाऱ्यानेच मागून घेतलं. डॉलर नेताना नोटा कोऱ्या बघून घ्या. कंबोडियात डॉलर सर्रास चालतात, पण कोपरा जरा फाटलेला असला की दुकानदार नोट हसून परत देतो.

व्हिसा दोन्ही देशांचा लागतो. सिएम रीपहून खाली येताना व्हिएतनाममध्ये तुम्ही विमानतळावरून नव्हे, नदीतून शिरता, आणि ई-व्हिसाच्या अर्जात प्रवेशाची जागा निवडावी लागते. एजंट सवयीने विमानतळ टाकतो. नदीवरचं ठाणं यादीत सोंग तिएन या नावाने असतं, तेच आहे ना बघा. उलट दिशेने जाणार असाल तर कंबोडियाचा ई-व्हिसा नदीवरच्या ठाण्यावर चालतो का, हे कंपनीकडून लेखी मागा. आधी सायगावला उतरून, विमानाने सिएम रीपला जाऊन मग बोटीने परत येणार असाल तर व्हिएतनामचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा.

सरहद्दीवर बोट नदीत नांगर टाकून उभी राहते आणि सगळ्यांचे पासपोर्ट एका पिशवीतून काठावर जातात. आमची पिशवी परत यायला दुपार झाली, कारण आपल्याच एका मराठी काकूंच्या पासपोर्टात नावापुढे नवऱ्याचं नाव होतं आणि व्हिसात ते गाळलेलं. काकूंना होडीत घालून ठाण्यावर नेलं, नवा कागद भरून घेतला, आणि तोवर पन्नास माणसं डेकवर बसून त्यांची वाट बघत होती. अर्ज एजंटने भरला तरी पाठवण्याआधी त्याचा फोटो मागवा आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा.